दाबाल तितके घोडे!

मुलांनो, नकाशांचं पुस्तक काढा आणि इंग्लंडचं पान उघडा. लंडन सापडलं? आता तिथून नैऋत्येकडे बोट अगदी जरासं सरकवा. तिसेक किलोमीटरवर वेब्रिज नावाचं एक छोटं गाव आहे. नकाशात ते बहुधा दिसणार नाही. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून आगगाडीत बसलं की मात्र सहज गाठता येतं. या गावाला लागूनच आहे ब्रुकलँड्स. आज आपल्याला तिथेच जायचंय.

तिथे काय आहे? एक भिंत आहे, म्हणजे लांबून तरी भिंतच वाटते. काँक्रीटची, वर चढत चढत जाणारी, फटींतून गवत उगवलेली. जवळ गेलात की कळतं, ही भिंत नव्हे, हा रस्ता आहे! वळणावर एका कडेने चक्क नऊ मीटर उचललेला. नऊ मीटर म्हणजे जवळजवळ तीन मजली घर. मौत का कुआँ तुम्ही जत्रेत पाहिला असेल. ब्रुकलँड्सची वळणं तेवढी उभी नाहीत, पण युक्ती तीच. गाडी वेगात वळली की बाहेर फेकली जाऊ पाहते. रस्ताच बाहेरच्या बाजूने उचलला, की तो गाडीला आत ढकलत राहतो.

मुद्दाम मोटारशर्यतींसाठी बांधलेला आणि वळणांवर असा उचललेला हा जगातला पहिला मोठा मार्ग. साल १९०७. बांधणारे गृहस्थ होते ह्यू लॉक किंग. त्या काळी इंग्लंडच्या रस्त्यांवर ताशी २० मैलांपेक्षा, म्हणजे ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने गाडी चालवायला बंदी होती. मग इंग्लंडच्या कारखानदारांनी वेगवान गाड्या बनवून चालवायच्या कुठे? लॉक किंग यांनी स्वतःच्याच जमिनीवर साडेचार किलोमीटर घेराचा मार्ग बांधायला घेतला आणि नऊ-दहा महिन्यांत पुरा केला. खर्च इतका झाला, की ते कर्जात बुडाले. उद्घाटनाच्या दिवशी गाड्यांच्या ताफ्यात सगळ्यांत पुढे होत्या त्यांच्या पत्नी एथेल, स्वतः गाडी चालवत!

शर्यती कशा घ्यायच्या याचा अनुभव तेव्हा तिथे कोणालाच नव्हता. म्हणून सगळी पद्धत घोड्यांच्या शर्यतींची घेतली. सुरुवातीला चालकांनी जॉकींसारखे रंगीबेरंगी अंगरखेही घातले. आणि इंजिनाची ताकद मोजायची तीही घोड्यांतच, म्हणजे अश्वशक्तीत, हॉर्सपॉवरमध्ये. पंचाहत्तर किलोचं पोतं एका सेकंदात एक मीटर उचललं, की झाली साधारण एक अश्वशक्ती.

आता खरा प्रश्न. ब्रुकलँड्सवर येणाऱ्या प्रत्येक चालकाला हवे होते जास्त घोडे. ते आणायचे कुठून?

पहिला मार्ग सोपा. इंजिन मोठं करा. १९०७ सालच्या रोल्स-रॉइस गाडीचं इंजिन सात लिटरचं होतं आणि घोडे फक्त ४८. जॉन कॉब या चालकासाठी १९३३ साली बांधलेल्या नेपियर-रेल्टन गाडीत तर विमानाचंच २४ लिटरचं इंजिन बसवलं होतं, ५०० हून जास्त घोड्यांचं! पण असलं धूड परवडणार कोणाला? शिवाय बऱ्याच शर्यतींमध्ये इंजिनाच्या आकाराप्रमाणे गट असायचे. मग दुसरा मार्ग, इंजिन जास्त वेगाने फिरवा. आणि तिसरा मार्ग, आपल्या आजच्या गोष्टीचा. इंजिन तेवढंच ठेवा, फक्त आतला वायू जास्त दाबा.

उसाचा चरक आणि इंजिन

इंजिनात एक नळकांडं असतं, त्याला म्हणतात सिलिंडर. त्यात दट्ट्या खाली-वर होतो. दट्ट्या खाली गेला की पेट्रोलची वाफ आणि हवा आत येते. वर आला की ती दाबली जाते. ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि तापलेला वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतो. मग उरलेला धूर बाहेर.

समजा, दट्ट्या खाली जाताना ४०० घन सेंटिमीटर जागा मोकळी होते आणि तो अगदी वर आला तरी डोक्याशी १०० घन सेंटिमीटर जागा उरते. म्हणजे आधी मिश्रणाला ५०० ची खोली होती, आता १०० ची. पाचपट दाबलं. या इंजिनाचं दाबाचं गुणोत्तर ५. यालाच कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. वरची जागा ८० केली तर? ४८० भागिले ८०, उत्तर ६. आणि ५० केली तर ४५० भागिले ५०, उत्तर ९. वरची जागा कमी करायच्या युक्त्याही साध्या. सिलिंडरच्या टोपीचा तळ यंत्रावर थोडा तासायचा, किंवा उंच माथ्याचा दट्ट्या बसवायचा.

पण दाबल्याने घोडे वाढतात कसे? आमच्या वर्गात हा प्रश्न निघाला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, स्प्रिंगसारखं! जास्त दाबली की जास्त उडते." उत्तर छान होतं, पण अर्धंच. स्प्रिंग दाबायला जेवढी ताकद आपण घालतो, तेवढीच ती परत देते. फायदा काहीच नाही. इथली गंमत वेगळी आहे. पेटलेला वायू पसरताना दट्ट्याला ढकलतो आणि ढकलता ढकलता थंड होतो. पाचपट दाबलेला वायू पाचपटच पसरू शकतो. मग दार उघडतं आणि अंगात शिल्लक असलेली उष्णता घेऊन तो धुराबरोबर पळून जातो, फुकट! नऊपट दाबलेला वायू नऊपट पसरतो. तो दट्ट्याला जास्त ढकलतो आणि बाहेर जाताना कमी उष्णता नेतो. पेट्रोल तेवढंच, काम जास्त.

रसवंतीवर उभे राहून पाहा. ऊस चरकातून एकदा काढला की रस येतो. चरकवाले काका तो दुमडून पुन्हा घालतात, आणखी रस येतो. तिसऱ्यांदा घातला तर थोडासा. चौथ्यांदा? चार थेंब! ऊस तोच, पण प्रत्येक खेपेला रस कमी कमी. इंजिनाचंही हुबेहूब तसंच आहे. गुणोत्तर ४ असताना एखादं इंजिन १०० घोडे देतं असं धरू. बाकी काहीही न बदलता नुसता दाब वाढवला, तर शास्त्रज्ञांच्या सूत्राने कागदावर असा हिशेब येतो:

गुणोत्तर ४ – घोडे १००
गुणोत्तर ६ – घोडे १२०
गुणोत्तर ८ – घोडे १३३
गुणोत्तर १० – घोडे १४१
गुणोत्तर १२ – घोडे १४८

प्रत्येक पायरीला किती वाढले ते वहीत मांडा. वीस, तेरा, आठ, सात. पायरी तेवढीच, पण लाभ घटत जातो. खऱ्या इंजिनात घर्षण असतं, उष्णता भिंतींतूनही पळते, त्यामुळे आकडे थोडे बदलतात. पण चाल हीच.

हा कागदावरचा हिशेब खऱ्या गाडीला लावून पाहू या. बेंटली कंपनीच्या गाडीने आपली पहिली शर्यत जिंकली ती ब्रुकलँड्सवरच, मे १९२१ मध्ये. तिच्या तीन लिटरच्या साध्या मॉडेलचं गुणोत्तर होतं ४.३ आणि घोडे सुमारे ७०. पुढे वेगवान मॉडेल निघालं, त्याचं गुणोत्तर ५.३. आपल्या सूत्राने घोडे दहा टक्क्यांनी वाढायला हवेत, म्हणजे ७७. प्रत्यक्षात होते सुमारे ८०. वरचे तीन कुठून आले? या मॉडेलला पेट्रोल आणि हवा मिसळणारे कार्ब्युरेटर एकाऐवजी दोन होते. बघा, गणिताच्या तासाला शिकलेले शेकडेवारीचे हिशेब कुठे कुठे उपयोगी पडतात!

ही तीन लिटरची गाडी किती दमदार होती? सप्टेंबर १९२२ मध्ये जॉन डफ या चालकाने ती ब्रुकलँड्सवर चोवीस तास एकट्याने चालवली. मात्र सलग नाही. आसपासच्या लोकांची आवाजाबद्दल तक्रार असायची, म्हणून रात्री गाड्या चालवायला मनाई होती. डफ यांनी एका दिवशी बारा तास आणि दुसऱ्या दिवशी बारा तास गाडी चालवली. एकूण २०८२ मैल, म्हणजे सुमारे ३३५० किलोमीटर. सरासरी वेग ताशी जवळजवळ १४० किलोमीटर!

ठण् ठण् ठण्!

मग सगळ्यांनी गुणोत्तर सरळ बारावर का नेलं नाही? टोपी तासायला असा किती वेळ लागतो?

कारण इंजिन ओरडायला लागायचं. तुम्हीही तो आवाज ऐकला असेल. घाटात मोटारसायकलवर तिघे बसलेले, वरचा गिअर पडलेला, इंजिन दमलेलं, आणि आतून ठण् ठण् असा हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. शर्यतीच्या गाडीत हे जास्त वेळ चाललं तर दट्ट्याला भोकसुद्धा पडतं. शर्यत तिथेच संपली. ब्रुकलँड्सवर इंजिन मोडणं म्हणजे नुसती हार नव्हती, जिवाशीही गाठ होती. पर्सी लँबर्ट या चालकाने फेब्रुवारी १९१३ मध्ये इथे एका तासात १०३ मैलांहून जास्त अंतर काटलं. एका तासात शंभर मैल ओलांडणारा तो जगातला पहिला माणूस. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच मार्गावर टायर फुटून तो गेला. त्या वेगात गाडीचा कुठलाही भाग दगा देणं काय असतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

नॉकिंग का होतं, हे मात्र कोणाला नीट कळत नव्हतं. कोणी म्हणे ठिणगी चुकीच्या वेळी पडते, कोणी म्हणे आत काजळी साठते. याचा छडा लावण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांचं नाव हॅरी रिकार्डो. जन्म १८८५ चा, लंडनचा. केंब्रिजला शिकत असताना त्यांनी एका मजेदार स्पर्धेत भाग घेतला होता. सव्वा लिटरहूनही कमी पेट्रोलमध्ये सगळ्यांत लांब कोण जातो? रिकार्डोंची मोटारसायकल सगळ्यांत जड होती, तरी ती ६४ किलोमीटर गेली आणि जिंकली. थेंबाथेंबाचं मोल या मुलाला तेव्हापासून ठाऊक होतं.

रिकार्डोंनी दाखवलं ते असं. ठिणगी पडली की ज्योत वणव्यासारखी एका टोकाकडून पसरत जाते. पसरताना ती पुढच्या, अजून न पेटलेल्या मिश्रणाला दाबते. आधीच दाबलेलं मिश्रण आणखी दाबलं गेलं की तापतं. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा भराभर दाबा. पंपाचं टोक गरम लागतं ना? तसंच. शेवटी कोपऱ्यातलं मिश्रण ज्योतीची वाटच पाहत नाही. ते आपलं आपणच, एकदम, सगळं भडकतं. त्याचाच तो ठणका!

म्हणजे दोष लोखंडाचा नव्हता. इंजिन किती दाबायचं हे ठरवत होतं त्यातलं इंधन. पहिल्या महायुद्धानंतर रिकार्डोंनी एक खास इंजिन बांधलं. त्याचं गुणोत्तर ते चालू असतानाच कमी-जास्त करता येई. मग एकेक इंधन घालायचं, दाब हळूहळू वाढवायचा आणि ठणठण कधी सुरू होते ते पाहायचं. प्रत्येक इंधनाची सहनशक्ती अशी मोजली गेली. साधं पेट्रोल पाच-सहाच्या आतच हात टेकायचं. अल्कोहोल मात्र दाब वाढवत नेला तरी कुरकुर करेना!

रिकार्डोंचं हे ज्ञान ब्रुकलँड्सवर पोचायला वेळ लागला नाही. त्यांनी ट्रायंफ कंपनीच्या मोटारसायकलीसाठी नवं इंजिन तयार केलं, आणि १९२१ साली फ्रँक हाल्फर्ड यांनी ती एका तासात १२० किलोमीटरहून जास्त पळवली. इंजिन फक्त अर्ध्या लिटरचं!

टाकीत काय घालायचं?

अल्कोहोलची खुबी तुम्हाला माहीत आहे. इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टर दंडाला स्पिरिटचा बोळा लावतात. कसं गारेगार वाटतं! स्पिरिट उडून जाताना दंडाची उष्णता घेऊन जातं. सिलिंडरमध्येही अल्कोहोलची वाफ होताना मिश्रण थंड होतं. शिवाय ते स्वतःहून सहजासहजी भडकत नाही. म्हणून शर्यतवाले अल्कोहोल मिसळलेलं इंधन वापरू लागले आणि गुणोत्तर पेट्रोलच्या मर्यादेपलीकडे नेऊ लागले. तोटा एकच. इथाइल अल्कोहोलच्या एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, त्यामुळे टाकी लवकर रिकामी. छोट्या शर्यतीत कोण पर्वा करतो?

ब्रुकलँड्सवर शर्यतीत ताशी शंभर मैलांच्या वर एक फेरी मारणाऱ्या मोटारसायकलस्वाराला छातीवर लावायला छोटासा सोन्याचा तारा मिळे. जून १९३७ मध्ये वॉल हँडली यांनी बी.एस.ए. कंपनीच्या अर्ध्या लिटरच्या गाडीवर तो मिळवला. टाकीत होतं अल्कोहोलचं इंधन. कंपनीला इतका आनंद झाला, की पुढच्या वर्षीच्या मॉडेलचं नावच तिने 'गोल्ड स्टार' ठेवलं. आता जुन्या मोटारसायकलींच्या मेळाव्यात कोणी 'गोल्ड स्टार' म्हणालं, तर हा तारा कुठला ते तुम्ही सांगू शकाल.

पण नॉकिंग थांबवायला जगाने दुसरीच वाट धरली, आणि ही गोष्ट आई-बाबांनीही वाचावी. १९२१ सालीच अमेरिकेत थॉमस मिजली यांना आढळलं, की शिशाचं एक संयुग पेट्रोलमध्ये चिमूटभर घातलं तरी ठणठण थांबते. स्वस्त आणि सोपं! सगळीकडे शिसंयुक्त पेट्रोल विकलं जाऊ लागलं. मात्र शिसं विषारी असतं. ते धुराबरोबर हवेत गेलं, रस्त्यांवरच्या धुळीत बसलं आणि माणसांच्या शरीरात पोचलं. लहान मुलांच्या मेंदूला त्याची सर्वांत जास्त बाधा होते. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ साली. म्हणजे चार घोडे जास्त मिळावेत म्हणून सापडलेली युक्ती पुसायला शंभर वर्षं लागली!

आणि अल्कोहोल? ते आपल्याकडे परत आलंय. आपल्या साखर कारखान्यांत उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल, म्हणजे इथाइल अल्कोहोलच, तयार होतं. २०२५ पासून देशभरातल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं. रसवंतीचा ऊस पुन्हा आपल्या गोष्टीत आला, पाहिलंत?

आज ब्रुकलँड्सवर

ब्रुकलँड्सवरची शेवटची शर्यत ऑगस्ट १९३९ मध्ये झाली. महिन्याभरात दुसरं महायुद्ध सुरू झालं. तिथे विमानं बनू लागली, मार्ग ठिकठिकाणी तोडला गेला आणि शर्यती पुन्हा कधीच झाल्या नाहीत. पण १९९१ पासून तिथे संग्रहालय उभं आहे. उचललेल्या वळणाचा एक मोठा तुकडा शाबूत आहे. गाड्यांची चढण्याची ताकद पाहण्यासाठी १९०९ साली बांधलेली छोटी टेकडी आहे, तिचा शेवटचा चढ चारास एक. आणि आत चकचकीत उभी आहे कॉब यांची चोवीस लिटरची नेपियर-रेल्टन. १९३५ साली तिने ताशी २३१ किलोमीटरच्या वेगाने एक फेरी मारली. तो विक्रम मोडायला मार्गच उरला नाही, म्हणून तो कायमचा तिच्याच नावावर आहे. काँक्रीट इतकं खडबडीत होतं, की एका प्रसिद्ध छायाचित्रात या अजस्र गाडीची चाकं हवेत दिसतात!

तुम्ही कधी तिथे गेलात, तर त्या वळणाच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहा. या काँक्रीटवर तीस-बत्तीस वर्षं माणसं एकच प्रश्न विचारत होती, अजून किती दाबता येईल? उत्तर शेवटी त्याने सापडलं, ज्याने आणखी जोरात दाबण्याऐवजी आतला ठणका कान देऊन ऐकला. हे वाक्य वार्षिक परीक्षेच्या दिवसांत आई-बाबांना वाचून दाखवायला हरकत नाही. गुरुजींनी सांगितलंय म्हणावं!

आता तुमचं काम. घरच्या किंवा शेजारच्या मोटारसायकलीची माहितीपुस्तिका मागून घ्या आणि त्यात कॉम्प्रेशन रेशो शोधा. बहुतेक ९ ते ११ च्या दरम्यान सापडेल. मग जुन्या रोल्स-रॉइसचा आकडा शेजारी लिहा, तो होता ३.२. तिच्या सात लिटरच्या इंजिनात ४८ घोडे, म्हणजे दर लिटरमागे सातसुद्धा नाहीत. तुमच्या गाडीत लिटरमागे किती येतात ते काढा. उत्तर पाहून थक्क व्हाल. मात्र सगळं श्रेय दाबाला देऊ नका. आजचं इंजिन फिरतंही किती तरी जास्त वेगाने. त्यातला दाबाचा वाटा किती आणि वेगाचा किती, यावर वर्गात चर्चा करा.